खैरियतच्या पलीकडे : आखातातला माणूस आणि आपले साहित्य

आमच्या आजोळी, म्हसळा तालुक्यातल्या एका लहान गावात, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटे कधी होती हे कुणाला आठवत नाही. आम्हाला कळू लागले तेव्हापासून त्यात खते आहेत. आमचे थोरले मामू बावीस वर्षे सौदी अरेबियात होते, आधी दम्मामला आणि नंतर जुबैलला. नानीला लिहिता-वाचता येत नव्हते. सुट्टीत आजोळी गेलो की खत वाचून दाखवण्याचे काम आमच्याकडे येई, कारण आम्ही उर्दू शाळेत शिकत होतो. त्या काळी चौथीतल्या पोराला एवढा मान पुरेसा होता.

प्रत्येक खताची सुरुवात ठरलेली असे. सलामानंतर मालूम व्हावे की इथे सर्व खैरियत आहे आणि तुमची खैरियत अल्लाहकडे नेक मागतो. मग घरातल्या एकेकाला नाव घेऊन सलाम, मग पाठवलेल्या पैशांचा हिशेब, शेवटी दुआची विनंती. नानी डोळे मिटून ऐकत असे.

एकदा, १९९९च्या सुमारास, खत आधी मुमानीने उघडले. आम्ही वाचायला बसलो तेव्हा तिने दुसऱ्या पानावरच्या काही ओळींवर बोट ठेवले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "एवढं सोड." त्या ओळींत लिहिले होते की चार महिने पगार झालेला नाही, पासपोर्ट कंपनीच्या मुदीरकडे आहे, आणि ईदला यायचे म्हटले तर तो हातात मिळेल की नाही ते सांगता येत नाही. आम्ही त्या ओळी सोडल्या. सलामांच्या यादीवरून थेट दुआवर आलो. नानी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आज खत बेगीन सरला."

ही आठवण सांगण्याचे कारण घरगुती नाही. गेली दहा-बारा वर्षे आम्ही मुस्लिम लेखकांचे मराठी वार्षिकांक, संमेलनांच्या स्मरणिका आणि काव्यसंग्रह जमेल तसे वाचत आलो आहोत. आखाती देशांत राहणाऱ्या आपल्या माणसावर त्यांत जे लिहिले गेले आहे, ते वाचताना आम्हाला पुन्हा पुन्हा ते खत आठवते. मामूंनी खैरियत लिहिली ती मायेपोटी. मुमानीने ओळी सोडायला सांगितल्या त्याही मायेपोटीच. घरात ते शोभून दिसते. साहित्याने मात्र तेच चालू ठेवले, तर नानी म्हणाली तसे आपलेही खत लवकर सरते. आजचा आमचा मुद्दा एवढाच आहे.

आम्ही राहतो मुळशी तालुक्यातल्या मुठ्याला. हा घाटमाथ्याचा मुलूख. मावळ-मुळशीतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला गेली, डबे पोचवण्याच्या धंद्यात शिरली. त्या डबेवाल्यांवर माहितीपट निघाले, व्यवस्थापनाच्या वर्गांत त्यांचे दाखले दिले जातात. पौडवरून पुढे ताम्हिणी घाट उतरला की निजामपूर, माणगाव, आणि मग म्हसळा, श्रीवर्धन लागते. तिथली आपली माणसे मुंबईपाशी थांबली नाहीत. त्यांच्यातले काही जहाजांवर खलाशी झाले, काही घराणी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला वसली, आणि नंतर हजारो घरांतला कर्ता पुरुष कुवेत, बहरीन, कतार, दुबई, सौदीला गेला. कोकणातून मुंबईला गेलेल्या माणसाला मराठीने 'चाकरमानी' हे नाव दिले. त्याच्यावर नाटके आली, कथा आल्या, गणपतीच्या गाडीतली त्याची गर्दीसुद्धा वाङ्मयात आली. आखातात गेलेल्याला मराठीने कोणते नाव दिले? 'दुबईवाला'. त्या शब्दात अत्तर आहे, सोन्याची बिस्किटे आहेत, कार्टनमधले ब्लँकेट आहे. माणूस नाही.

खरे तर हा संबंध तेलाच्याही आधीचा आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९मध्ये आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या. कुवेतने १९६१मध्ये आणि बहरीनने १९६५मध्ये आपले चलन सुरू केले. आजच्या संयुक्त अरब अमिरातीच्या भागात आपला रुपया १९६६पर्यंत चालला. १९७३नंतर तेलाचे भाव चढले, तिकडे बांधकामे उठली आणि ओघ वाढला. म्हणजे जवळजवळ तीन पिढ्यांचा हा अनुभव आहे. तीन पिढ्यांच्या अनुभवावर आपल्याकडे वाङ्मय किती?

जे आहे त्याचे तीन प्रकार आम्हाला दिसतात.

पहिला प्रकार वतनच्या यादीचा. गझल असो वा मुक्तछंद, त्यात परदेस असतो, वाळवंट असते, चंद्र असतो, आईचा हात असतो. दुबई आणि दोहाच्या मुशायऱ्यांनी अनेक वर्षे हा सूर सांभाळला आणि मराठीत लिहिणाऱ्या आपल्या कवींनीही तो उचलला. या रचना खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांतले वाळवंट कवीने दिवाणांतून आणलेले आहे. आपला माणूस वाळवंटात कमी आणि सिमेंटच्या धुळीत, गोदामात, मॉलच्या मागच्या दारात, ट्रेलरच्या केबिनमध्ये जास्त राहतो. काही कवी त्याच्या जाण्याला 'हिजरत' म्हणतात. हा शब्द इतक्या सहज वापरू नये. हिजरत दीनसाठी होती. हे जाणे दोन वर्षांच्या करारावरचे आहे आणि करारात परतीच्या तिकिटाचे कलम आहे.

दुसरा प्रकार उपदेशाच्या कथेचा. बाप सौदीला, घरात पैसा, मुलगा बिघडतो, बायकोची पावले वाकडी पडतात, शेवटी बाप परत येतो आणि पश्चात्ताप होतो. या कथांत परदेशात बापाने काय केले ते एका ओळीत उरकलेले असते : 'तो तिकडे राबत होता.' कसा राबत होता, कुणाबरोबर राहत होता, आजारी पडला तेव्हा त्याला पेज कुणी करून दिली, याची कथाकाराला फिकीर नसते. त्या बाईवर तर सरळ अन्याय होतो. आमच्या मुमानीने बावीस वर्षांत बँकेचे ड्राफ्ट वटवले, बोअर मारून घेतली, कौले उतरवून स्लॅब टाकून घेतला, सासूचे मोतीबिंदूचे ऑपरेशन केले, दोन मुलींची लग्ने ठरवली. गाव तिला सुखी म्हणत होते. तिच्यावरची कथा आम्ही अजून वाचलेली नाही.

तिसरा प्रकार हज-उमराच्या प्रवासवर्णनाचा. ही पुस्तके आम्ही आदराने वाचतो. त्यांत हरममध्ये झाडू मारणारा, व्हीलचेअर ढकलणारा, हॉटेलच्या लिफ्टपाशी उभा राहणारा एखादा हिंदुस्थानी किंवा बांगलादेशी भेटतो. लेखक त्याला "कुठला तू?" विचारतो, दहा रियाल देतो, डोळे ओलावतात आणि परिच्छेद संपतो. त्या माणसाला आपल्या वाङ्मयात मिळालेली जागा एवढीच आहे.

आता रोजचे जगणे पाहा. त्यातला वैताग मुंबईतच सुरू होतो, एजंटच्या कचेरीत आणि वैद्यकीय तपासणीत. लहानपणीच्या क्षयाचा बरा झालेला डागही क्ष-किरण चित्रात दिसला की माणूस 'अनफिट'. १९८३च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे ठरावीक देशांत नोकरीला जायचे तर कमी शिकलेल्याला सरकारची परवानगी लागते, दहावी पास असेल तर ती अट नाही. म्हणून आमच्या शाळेच्या पालकसभेत एखादा बाप विचारतो, "सर, इतनाच बताव, दसवीं निकलेगा ना?" त्याला गणित-विज्ञानाचे गुण नकोत, पासपोर्टवरचा शिक्का नको आहे.

तिकडे पोचल्यावर एका खोलीत सहा, आठ, दहा खाटी, एकावर एक. स्वयंपाकाच्या पाळ्या. कुणाच्या डाळीत मीठ जास्त म्हणून आठवडाभर अबोला. उन्हाळ्यात अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम बंद असते. ते अडीच तास माणूस अर्धवट बांधलेल्या भिंतीच्या सावलीत पुठ्ठा टाकून पडतो. इकाम्याची मुदत सरत येते तसा पोटात गोळा. इकामा सरला तर बँक बंद, दवाखाना अवघड, रस्त्यावर पोलिसाने थांबवले तर काय, ही धाकधूक. जुलै २०१७पासून सौदीने कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी लावली, ती दरवर्षी वाढत २०२०मध्ये ४००वर गेली. ज्यांनी बायकामुले नेली होती त्यांतल्या अनेकांनी ती परत पाठवली. त्यातली काही मुले आमच्यासारख्यांच्या वर्गात येऊन बसली. तिकडच्या इंग्रजी शाळेतून आलेली ती मुले उर्दू अडखळत वाचत, मराठी तर वाचतच नसत. स्वतःच्या मुलखात ती परदेशी होती. वर्गातल्या पोरांनी त्यांतल्या एकाचे नाव 'रियाल' ठेवले होते. आम्ही ते नाव बंद करवले, पण ते आम्हाला फार उशिरा कळले होते.

ही सामग्री आहे. आणि शब्दही तयार आहेत, तेच तर आमचे दुखणे आहे. उर्दूचा शिक्षक म्हणून आम्ही मुलांना 'कफालत' शिकवतो तेव्हा यतीमाची कफालत, म्हणजे अनाथाला आपल्या सावलीत घेणे, असे उदाहरण देतो. तिकडे कफील म्हणजे ज्याच्या सहीवर तुमचे राहणे अवलंबून आहे तो. 'इकामत' म्हणजे जमातीच्या नमाजापूर्वीची पुकार, उभे राहा म्हणणारी. त्याच धातूतून आलेला 'इकामा' म्हणजे खिशातले ते कार्ड. 'खुरूज' म्हणजे बाहेर पडणे, इतिहासाच्या पुस्तकात सत्तेविरुद्ध उठणे. तिकडे पासपोर्टवर खुरूज लागतो आणि माणूस मुकाट्याने विमानात बसतो. मालकाने 'हुरूब' लावला, म्हणजे हा पळून गेला अशी नोंद केली, की कामावर हजर असलेला माणूससुद्धा कागदोपत्री फरारी ठरतो. आणि 'गरीब' हा शब्द तर आपण सगळेच बोलतो. अरबीत त्याचा मूळ अर्थ परका, अनोळखी. उर्दू-मराठीत आला आणि त्याचा अर्थ निर्धन झाला. 'गरीबुल वतन' या जोडशब्दात जुना अर्थ अजून शिल्लक आहे. परका आणि निर्धन या दोन अर्थांच्या मधल्या जागेत आपला माणूस वर्षानुवर्षे उभा आहे. कोकणातल्या बायका ओट्यावर बसून 'इकामा', 'खुरूज', 'कफील' हे शब्द मीठ-मिरचीसारखे वापरतात. आमच्या कवितेत ते अजून आलेले नाहीत. तिथे अजून बुलबुल आणि सय्याद आहेत.

दुसऱ्यांनी हे कसे केले ते पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी लांब जायला नको. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर खाली केरळ आहे. तिथल्या मापिळा मुसलमानांत एस. ए. जमील यांनी १९७०च्या दशकात 'दुबई कत्तुपाट्टु' म्हणून पत्रगीत गायले. 'कत्तु' म्हणजे आपले खतच. दुबईत असलेल्या नवऱ्याला बायको पत्र लिहिते आणि त्यात ती खैरियत लिहीत नाही. एकटेपण लिहिते, उलटून चाललेली उमेद लिहिते, शरीराची गोष्टही आडून का होईना लिहिते. पुढे नवऱ्याच्या उत्तराचेही गीत आले. ही गीते कॅसेटमधून घराघरांत वाजली. आमच्या मुमानीने ज्या ओळींवर बोट ठेवले असते, नेमक्या त्याच ओळी तिकडे गाणे झाल्या.

मग २००८मध्ये बेन्यामिन यांची 'आडुजीवितम' ही कादंबरी आली. तिला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२मध्ये 'गोट डेज' या नावाने ती इंग्रजीत आली आणि २०२४मध्ये ब्लेसी यांनी तिच्यावर चित्रपट केला. तिचा आधार एका खऱ्या माणसाची हकिकत आहे. बेन्यामिन स्वतः १९९२पासून वीसेक वर्षे बहरीनमध्ये नोकरी करत होते. नायक नजीब हा नदीतून वाळू काढणारा मजूर. रियाधच्या विमानतळावर कुणीतरी त्याला आपला नोकर म्हणून घेऊन जातो आणि आडरानातल्या शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यावर टाकतो. चित्रपट पाहिलेल्यांना वाळवंट आठवते. आम्हाला कादंबरीतले पाणी आठवते. पहिल्याच सकाळी नजीब शौचानंतर पाणी घ्यायला जातो आणि मालक त्याला मारतो : पाणी जनावरांसाठी आहे. आयुष्यभर नदीत बुडी मारणारा माणूस, लहानपणापासून तहारत शिकलेला मुसलमान, आणि त्याला लोटाभर पाणी नाही. कादंबरीकार इथे भाष्य करत नाही. लोटा रिकामा ठेवतो आणि पुढे जातो. दीनवर, मुलखावर, जुलमावर दहा पाने लिहून जे साधले नसते ते त्या रिकाम्या लोट्याने साधते.

दुसरी गोष्ट अशी की ही कादंबरी कुणाही जमातीला सरसकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करत नाही. छळणारा अरब आहे. वाळवंटातून अर्धमेल्या अवस्थेत बाहेर आलेल्या नजीबला आपल्या गाडीत घेऊन शहरात सोडणाराही अरबच आहे. आपल्याकडे या विषयावर लिहिताना हात अडखळतो तो नेमका इथे. तो मुलूख हरमैनचा आहे. त्याची तक्रार लिहिली तर बेअदबी होईल, आणि विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, अशी भीती मनात असते. पण कफील म्हणजे काबा नव्हे. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्यावी ही शिकवण आपण प्रत्येक तकरीरमध्ये ऐकतो. चार-चार महिने पगार अडवणारा या शिकवणीच्या विरुद्ध वागतो. त्याच्याविषयी लिहिणे दीनच्या विरुद्ध कसे होईल?

तरीही 'आडुजीवितम'ची एक मर्यादा सांगितली पाहिजे. ती टोकाच्या छळाची कहाणी आहे. ती वाचून किंवा पाहून घरातला माणूस म्हणतो, "आपला असा अडकला नव्हता, म्हणजे आपला बरा होता." टोकाचे दुःख पाहिले की मधले दुःख दिसेनासे होते. दीपक उन्नीकृष्णन अबूधाबीत वाढले आणि त्यांचे 'टेम्पररी पीपल' हे इंग्रजी कथांचे पुस्तक २०१७मध्ये आले. त्यातल्या एका कथेत एक बाई रात्री बांधकामांवर फिरते आणि वरून पडलेल्या मजुरांना शिवून, चिकटवून पुन्हा उभे करते. दुसरीकडे मजूर शेतातल्या पिकासारखे उगवले जातात, ठरावीक आयुष्याचे. कल्पना अद्भुत आहे, पण वाचताना एकही गोष्ट खोटी वाटत नाही, कारण मजुराकडे त्या दृष्टीने पाहिले जातेच. मधले दुःख, कागदाचे आणि मुदतीचे दुःख, सांगण्याची ही एक वाट आहे.

आपल्या मराठीलाही अशा वाटा अनोळखी नाहीत. नारायण सुर्व्यांनी 'मनिऑर्डर' लिहिली तेव्हा पैसे पाठवणारी बाई, ते लिहून देणारा माणूस आणि गावाकडचे घर हे सगळे एका फॉर्मभोवती उभे केले. हमीद दलवाईंच्या सामाजिक भूमिकेशी आपल्यातल्या अनेकांचे मतभेद आहेत, पण 'इंधन' (१९६५) ही कादंबरी मुंबईहून बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या गावी परतलेल्या मुसलमान माणसाची आहे आणि परतलेला माणूस आपल्याच गावात कसा परका होतो हे तिने दाखवले, एवढे तरी मान्य करावे लागते. हा धागा पुढे नेऊन त्या माणसाला मुंबईऐवजी दम्मामहून परत आणण्याचे काम त्यानंतर कुणी केले नाही.

का केले नाही? तीन कारणे आम्हाला दिसतात. पहिले भाषेचे. कोकणी मुसलमानाच्या तोंडात कोकणी बोली, खतात उर्दू आणि सरकारी फॉर्मवर मराठी. त्याचे दुःख उर्दूत लिहिले जाते, बोलीत रडले जाते आणि मराठी वार्षिकांकापर्यंत येईतो त्याची खैरियत होते. दुसरे कारण आपल्या चळवळीच्या भूगोलाचे. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९०मध्ये सोलापूरला भरले. सोलापूर, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र ही आपल्या बहुतेक लेखकांची भूमी. त्यांनी दंगल लिहिली, जात लिहिली, तलाक लिहिला, ते मोलाचे आहे. पण त्याच १९९०च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळले आणि सुमारे १ लाख ७० हजार भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. त्यांत कोकणातलीही माणसे होती. कपड्यानिशी परतलेल्या त्या माणसांचे पुढे काय झाले, हे आपल्या कोणत्या कथेत आहे? २०१६मध्ये 'एअरलिफ्ट' हा हिंदी चित्रपट आला तोही एका श्रीमंत व्यापाऱ्याला नायक करून. मजूर त्यात मागची गर्दी होते.

तिसरे कारण आपल्या भीतीचे. तिकडे असलेला लिहीत नाही, कारण व्हिसा आहे. इकडे असलेला लिहीत नाही, कारण मुलीचे लग्न आहे, घराची इज्जत आहे. "सौदीत संडास साफ करायचा" हे कुणाच्या मामूविषयी कोण छापणार? आणि आता खताच्या जागी मोबाईल आला आहे, तरी खैरियत संपलेली नाही. माणूस व्हिडिओ कॉलला खाट दिसू नये म्हणून जिन्यात येऊन उभा राहतो. स्टेटसवर मॉलचे कारंजे लावतो. पूर्वी ओळी सोडाव्या लागत, आता चौकट निवडावी लागते.

आम्ही हे सगळे परक्यासारखे उभे राहून म्हणत नाही. आमच्या बी.एड.ची फी मामूंनी दिली होती. कोकणातल्या अनेक शाळांच्या वर्गखोल्या, मशिदींच्या फरश्या, मुलींची वसतिगृहे या पैशावर उभी राहिली. आखाताने आपल्या समाजाला जी मान वर करायला लावली तिचा इन्कार करणे कृतघ्नपणा होईल. पण ज्याच्या पैशावर आपण शिकलो, लिहू लागलो, त्याचा दिवस कसा जात होता हे लिहिण्यापुरतेही आपण त्याचे देणे लागत नाही का?

आता घाई आहे. कायदे बदलत आहेत. कतारने २०२०मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली, सौदीनेही २०२१मध्ये काही सवलती दिल्या. नव्याने जाणाऱ्यांचा अनुभव वेगळा असेल. जुन्या कफील-पद्धतीत तारुण्य घालवलेली पिढी आज साठी-सत्तरीत आहे, गुडघे धरून मशिदीच्या पायऱ्या चढते आहे. तिच्याबरोबर ते डबेही जातील. वारस लोक खते जाळतात, कारण त्यांत अल्लाहचे नाव असते आणि ती पायाखाली येऊ नयेत.

शेवटी एक कबुली. काही वर्षांपूर्वी आम्ही नववीच्या वर्गाला 'मेरे वालिद' हा निबंध दिला. एका मुलाचे वडील कुवेतला ड्रायव्हर होते. त्याने लिहिले : अब्बू घरी येतात तेव्हा घरात सगळे हळू बोलतात, आणि अब्बू जातात तेव्हा सगळे पुन्हा नेहमीसारखे बोलायला लागतात. आम्ही लाल शाईने त्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात लिहिले, "वालिद की खूबियाँ लिखो." वही परत केली. मुमानीचे बोट आमच्या हातात कधी आले ते आम्हाला कळले नव्हते. घरी येऊन त्या वाक्याचा विचार करत बसलो तेव्हा कळले. आम्ही वाचलेल्या वतनच्या यादीच्या सगळ्या गझला एका पारड्यात आणि ते वाक्य दुसऱ्या पारड्यात घातले तर कोणते पारडे खाली जाईल हे सांगायला समीक्षक लागत नाही. दुसऱ्या दिवशी वही मागून घेतली आणि समासातले ते वाक्य खोडले. मुलगा काही बोलला नाही.

संपादकांना आमची विनंती साधी आहे. पुढच्या अंकात आखातावरच्या दोन गझला कमी घ्याव्यात आणि त्या जागी एक खत छापावे. नाव-गाव बदलावे, घरच्यांची परवानगी घ्यावी, उर्दूतून मराठीत आम्हीच करून देऊ. फक्त कोणतीही ओळ सोडू नये.